बेरजेने ठरलेले अजिंक्यपद

लंडन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर इंग्लंडमधले शहर उभे राहते. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातही एक लंडन आहे आणि तिथून वाहणाऱ्या नदीचे नावही थेम्सच आहे. 1922 मध्ये या लंडनमध्ये महिलांचे दोन संघ बास्केटबॉलच्या दोन सामन्यांसाठी समोरासमोर आले. यजमान होता ‘लंडन शॅमरॉक्स’, पूर्वेकडचा नावाजलेला संघ. पाहुणा होता ‘एडमंटन कमर्शियल ग्रॅज्युएट्स’. लोक त्याला नुसते ‘ग्रॅड्स’ म्हणत. पश्चिमेकडच्या अल्बर्टा प्रांतातून, तीन हजार किलोमीटरहून अधिक रेल्वेप्रवास करून तो आला होता. त्या काळी कॅनडात महिलांच्या बास्केटबॉलचे नियम सगळीकडे सारखे नव्हते. म्हणून तोड अशी निघाली की एक सामना सहा-सहा जणींनी, भाग पाडलेल्या मैदानावर खेळायचा आणि दुसरा पुरुषांच्या नियमांनी, पाच-पाच जणींनी पूर्ण मैदानावर. दोन्ही सामन्यांतल्या गुणांची बेरीज करायची आणि ज्याची बेरीज मोठी, तो संघ देशाचा विजेता. सहा जणींचा सामना शॅमरॉक्सने 21–8 असा जिंकला, पाच जणींचा ग्रॅड्सने 41–8 असा. बेरीज झाली 49–29, आणि कॅनडाला महिला बास्केटबॉलचा पहिला राष्ट्रीय विजेता मिळाला.

हे आकडे पुन्हा एकदा वाचण्यासारखे आहेत. अजिंक्य ठरलेला संघ दोनपैकी एक सामना हरला होता, आणि तोही चांगल्या तेरा गुणांनी. उपविजेता संघ स्वतःच्या पद्धतीच्या खेळात सरस होता, यात शंका घ्यायला जागा नाही. प्रत्येक संघ आपापल्या नियमांनी जिंकला. तेव्हा त्या दोन सामन्यांत श्रेष्ठ कोण, या प्रश्नाच्या पोटात त्याहून मोठा प्रश्न दडलेला होता: बायकांनी खेळायचा बास्केटबॉल म्हणजे नेमका कोणता खेळ? या काळाचा इतिहास सांगताना सहसा ग्रॅड्सच्या विजयांची यादी सांगितली जाते. 1915 ते 1940 या 25 वर्षांत 522 सामने आणि त्यांपैकी 502 विजय, ही आकडेवारी नेहमी छापली जाते. थक्क करणारीच आहे ती. पण तिच्यात मैत्रीपूर्ण सामने आले, दौऱ्यावरचे सामने आले, आणि एवढ्या मोठ्या राशीत ती दोन-दोन सामन्यांची निर्णायक झुंज कुठल्या कुठे हरवून जाते. माझे म्हणणे असे, की या इतिहासाचा कणा ती झुंजच आहे. अजिंक्य संघ पुढे घडला, पण त्याच्याही आधी अजिंक्यपद ठरवण्याची एक रीत घडली. त्या रीतीने वेगवेगळ्या गावांतल्या, वेगवेगळ्या नियमांनी खेळणाऱ्या मुलींना एकमेकींसमोर उभे केले, त्यांच्या खेळाला एक सार्वजनिक व्यासपीठ दिले आणि ‘पूर्ण मैदान बायकांना झेपते का’ या वादाचा निवाडा मैदानावर करून घेतला.

हा वाद आला कुठून, ते आधी पाहू. बास्केटबॉलचा जनक जेम्स नेस्मिथ हा मूळचा कॅनडाचा, ऑन्टॅरिओतल्या आल्मोंट गावचा. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथे, वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात, हिवाळ्यात घरात बसून कंटाळलेल्या तरुणांसाठी त्याने हा खेळ रचला. काही आठवड्यांतच तो जवळच्या नॉर्थॅम्प्टन गावातल्या स्मिथ महाविद्यालयात पोहोचला. तिथल्या व्यायामशिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी तो आपल्या विद्यार्थिनींना शिकवला आणि शिकवताना बदलला. मैदानाचे तीन पट्टे पाडले आणि खेळाडूने आपला पट्टा ओलांडायचा नाही, असे ठरवले. दुसरीच्या हातातला चेंडू हिसकावायचा नाही, तो तीन सेकंदांहून अधिक वेळ धरून ठेवायचा नाही, तीनपेक्षा जास्त टप्पे द्यायचे नाहीत. मार्च 1893 मध्ये तिथे झालेल्या सामन्याला पुरुष प्रेक्षकांना मज्जाव होता. बेरेन्सन यांचा हेतू खेळ रोखण्याचा नव्हता, उलट तो टिकवण्याचा होता. धक्काबुक्की झाली असती तर मुलींच्या खेळावर बंदीच आली असती. पण हेतू कितीही चांगला असला तरी नियमाचा परिणाम अंगावर उमटतोच. मागच्या पट्ट्यातली मुलगी बचाव शिकायची, पण जन्मात एकदाही बास्केटमध्ये चेंडू टाकायची नाही. पुढच्या पट्ट्यातली नेम शिकायची, पण प्रतिस्पर्ध्याचा पाठलाग करताना दम कसा राखायचा, हे तिला ठाऊकच नसायचे. चेंडू आपल्या पट्ट्यातून पलीकडे गेला की रेषेवर उभे राहून बघायचे. संपूर्ण खेळ कुणा एकीच्याही वाट्याला येत नव्हता.

पश्चिम कॅनडात चित्र थोडे निराळे होते. जॉन पर्सी पेज नावाचा एक शिक्षक 1912 मध्ये एडमंटनला आला आणि पुढे तिथल्या मॅकडूगल कमर्शियल हायस्कूलमध्ये शिकवू लागला. टंकलेखन, लघुलेखन, हिशेब शिकवणारी ही शाळा. विद्यार्थिनी बहुतेक कष्टकरी आणि मध्यमवर्गीय घरांतल्या. शिक्षण संपले की कचेरीत किंवा दुकानात नोकरी धरायची, हा त्यांचा मार्ग ठरलेला. पेजने मुलींचा संघ बांधला आणि 1915 मध्ये त्या संघाने अल्बर्टाचे प्रांतिक अजिंक्यपद मिळवले. शाळा सुटली तरी खेळ सुटू नये, असे त्या मुलींना वाटले, आणि त्यातून माजी विद्यार्थिनींचा हा क्लब जन्मला. नावातच त्याची कुंडली आहे: कमर्शियल शाळेच्या पदवीधारिणी. दिवसभर टाइपरायटरवर बोटे चालवायची आणि संध्याकाळी शाळेच्या व्यायामशाळेत सरावाला यायचे. पेजची शिकवण साधी होती. मोजके डाव, अचूक पास, आणि तेच ते पुन्हा पुन्हा, हात आपोआप वळेपर्यंत. शाळेच्या संघांतून तयार झालेली मुलगी ‘ग्रॅडेट्स’ या दुसऱ्या फळीच्या संघात आणि तिथून ग्रॅड्समध्ये येई. जी वर चढे ती तोच खेळ, तीच शिस्त घेऊन येई. 25 वर्षांत मुख्य संघात अवघ्या 38 जणी खेळल्या, त्यामागचे कारण हेच.

आता त्या बेरजेच्या पद्धतीकडे वळू. देश एवढा अवाढव्य, वस्ती विरळ आणि गावे रेल्वेच्या एका रेघेवर मण्यांसारखी ओवलेली. पंधरवड्याला एक सामना, अशी साखळी स्पर्धा खेळणे परवडणारे नव्हते. म्हणून वर्षातून एकदा पूर्वेचा विजेता आणि पश्चिमेचा विजेता एकत्र यायचे, एकाच गावी दोन सामने खेळायचे आणि गुणांची बेरीज करून निकाल लावायचा. खेळाडू हौशी, मानधनाचा प्रश्नच नव्हता. 1922 च्या प्रवासाचा खर्च ग्रॅड्सना स्वतः उभा करावा लागला. नोकरदार मुलींनी रजा काढून, पैसे जमवून देशाचा अर्धाअधिक पसारा ओलांडायचा, तेही हरण्याची तयारी ठेवून, हे धाडस गुणफलकावर दिसत नाही. बेरजेची रीत खेळाचा स्वभावही घडवते. पहिला सामना हरलेल्या संघाला दुसऱ्यात नुसते जिंकून भागत नाही, फरक भरून काढावा लागतो. जिंकणाऱ्यालाही शेवटच्या मिनिटापर्यंत हात सैल सोडता येत नाहीत. त्या काळी प्रत्येक बास्केटनंतर चेंडू पुन्हा मध्यावर यायचा आणि पंच तो दोघींच्या मध्ये वर उडवायचा. मग जिचा हात आधी पोहोचेल तिच्या संघाकडे चेंडू. त्यामुळे घड्याळातला बराच वेळ तिथेच जाई आणि गुणसंख्या आजच्या मानाने फारच कमी राही. अशा खेळात 41 गुण म्हणजे धो धो पाऊस. परक्या नियमांनी खेळतानाही ग्रॅड्सने हार तेरा गुणांवर थोपवली. शॅमरॉक्सला पाच जणींच्या खेळात तेहतीस गुणांची तूट आली. बेरजेने जे दाखवले ते असे: पूर्ण मैदानावर तयार झालेल्या खेळाडूंना अर्ध्या मैदानात जुळवून घेता येते, पट्ट्यात वाढलेल्यांना एकदम पूर्ण मैदान पेलत नाही, आणि तो दोष त्यांच्या अंगातला नसून त्यांना मिळालेल्या सवयीचा असतो.

हा निष्कर्ष तेव्हा कुणी ठराव करून मांडला नाही, पण व्यवहाराने तो मानला. पुढच्या राष्ट्रीय लढती पाच जणींच्या खेळावर स्थिरावत गेल्या, कारण अजिंक्यपद एडमंटनकडे होते आणि ते हिसकावून घ्यायचे तर एडमंटनचा खेळ शिकल्यावाचून गत्यंतर नव्हते. शाळा-महाविद्यालयांत सहा जणींचा खेळ पुढेही बरीच वर्षे चालू राहिला, पण देशाची सर्वोत्तम खेळाडू व्हायचे असेल तर धावायचे पूर्ण मैदानावर, हे ठरून गेले. 1923 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचा ‘फेव्हरिट-निट्स’ हा जगज्जेतेपदाचा दावा सांगणारा संघ एडमंटनला आला. ग्रॅड्सनी त्यांना 34–20 आणि 19–13 असे हरवले, म्हणजे बेरीज 53–33. पुन्हा तीच रीत: दोन सामने, एक बेरीज. याच लढतीपासून अंडरवूड करंडक सुरू झाला, आणि तो देणारी कंपनी टाइपरायटर बनवणारी होती. ज्या यंत्रावर या मुली पोट भरत, त्याच यंत्राच्या नावाचा करंडक त्या वर्षानुवर्षे राखून होत्या. नोकरी करणाऱ्या बाईचे जग आणि खेळणाऱ्या बाईचे जग एकाच वेळी उभे राहत होते, याची इतकी नेमकी खूण दुसरी सापडणार नाही. तेव्हाच्या एडमंटनची वस्ती जेमतेम 58 हजार होती. अल्बर्टातल्या स्त्रियांना 1916 मध्ये प्रांतिक मताधिकार मिळाला होता, आणि त्याच वर्षी याच शहरात एमिली मर्फी न्यायदंडाधिकारी झाल्या होत्या. कायद्याच्या लेखी स्त्री ही ‘व्यक्ती’ आहे की नाही, हा खटला मर्फी आणि अल्बर्टातल्याच आणखी चौघी जणींनी लढवला आणि 1929 मध्ये इंग्लंडमधल्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये तो जिंकला. बास्केटबॉलच्या लढती या वातावरणापासून वेगळ्या काढता येत नाहीत. मताचा हक्क कागदावर मिळतो. बाईचे शरीर काय करू शकते, हे मात्र लोकांना डोळ्यांनी पाहावे लागते, आणि पाहण्यासाठी लोक तिकीट काढून येत होते.

या मांडणीवर पहिला आक्षेप येतो तो एकतर्फीपणाचा. 1922 पासून 1940 पर्यंत देशाचे अजिंक्यपद एकाच संघाकडे राहिले. ज्या स्पर्धेचा निकाल आधीच ठाऊक, तिला स्पर्धा का म्हणायचे? आक्षेप वजनदार आहे. शेवटच्या वर्षांत प्रेक्षक कमी होत गेले, त्याचे एक कारण तोडीस तोड प्रतिस्पर्धी मिळेना, हेही होते. परंतु एका संघाच्या वर्चस्वावरून बाकीच्यांना दुबळे ठरवणे घाईचे होईल. टोरांटोच्या संघातून ग्रॅड्सविरुद्ध खेळलेली बॉबी रोझेनफेल्ड ही 1928 च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये रिले शर्यतीत सुवर्ण आणि 100 मीटरमध्ये रौप्य मिळवणारी धावपटू. एवढ्या ताकदीची खेळाडू हरलेल्या बाजूला असू शकते, यावरून विजेत्यांच्या तयारीचा अंदाज येतो. 1930 मध्ये प्रागच्या महिला जागतिक क्रीडास्पर्धेत कॅनडाच्या वतीने ग्रॅड्स गेल्याच नव्हत्या. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा संघ गेला आणि फ्रान्सला 18–14 असे हरवून विजयी होऊन परतला. म्हणजे एडमंटनखेरीज दुसराही संघ जगाला पुरून उरत होता. ग्रॅड्सनाही आपल्या प्रांताचे अजिंक्यपद एकदा गमवावे लागले होते, अल्बर्टा विद्यापीठाच्या संघाकडून. वर्चस्वाचे खरे कारण रचनेत होते. एक शाळा, एक प्रशिक्षक, एकाखाली एक तयार होणाऱ्या फळ्या आणि 25 वर्षांचे सातत्य. असे दुसऱ्या कुठल्याच गावाने उभे केले नाही. निर्णायक लढत दरवर्षी हेच उघड करत राहिली, की मुलींच्या खेळात कुणी मनापासून गुंतवणूक केली तर काय घडते आणि बाकी ठिकाणी ती झालेली नाही.

दुसरा आक्षेप त्याच काळातला आणि अधिक विचारपूर्वक मांडलेला आहे. अनेक व्यायामशिक्षिकांना अजिंक्यपदाच्या स्पर्धाच नको होत्या. अमेरिकेत 1923 मध्ये लू हेन्री हूव्हर यांच्या पुढाकाराने हौशी क्रीडा महासंघाची महिला शाखा स्थापन झाली. मूठभर तारकांऐवजी प्रत्येक मुलीला खेळायला मिळावे, तिकीट लावून मुलींचे प्रदर्शन मांडू नये, पुरुषांच्या खेळातली बाजारू वृत्ती आपल्याकडे शिरू नये, असा त्या शाखेचा आग्रह होता. कॅनडातल्या अनेक शिक्षिकांचे मत याच्या जवळ जाणारे होते. त्यांना जुनाट विचारांच्या म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. बाजारूपणाची त्यांची भीती पुढे पुरुषांच्या खेळात पुष्कळशी खरी ठरली, आणि ‘सगळ्यांना खेळू द्या’ ही मागणी आजही अपुरीच आहे. तरीही त्यांच्या मार्गाने काय हाती आले, ते पाहायला हवे. अमेरिकेत बायकांच्या महाविद्यालयीन खेळाला पाच जणींचे पूर्ण मैदान मिळायला 1971 उजाडले. आयोवा राज्याच्या शाळांत सहा जणींचा खेळ 1993 पर्यंत चालला. जिथे सर्वोच्च पातळीची लढत नव्हती तिथे नियम बदलण्याची निकडही नव्हती. ‘झेपणार नाही’ हे गृहीतक तपासून पाहायची वेळच कुणावर आली नाही. वैद्यकीय भीतीचेही तसेच. अ‍ॅमस्टरडॅमला 800 मीटरच्या शर्यतीनंतर काही धावपटू दमलेल्या दिसल्या, एवढ्यावरून ती शर्यत बायकांसाठी बंद झाली आणि 1960 पर्यंत बंदच राहिली. रोझेनफेल्ड त्या शर्यतीतही धावली होती. एका दिवसाच्या दृश्यावरून बत्तीस वर्षांची बंदी येते, कारण त्या दृश्याला उत्तर देणारी दुसरी दृश्ये लोकांसमोर नसतात. एडमंटनचा प्रेक्षक वर्षातून अनेकदा मुलींना पूर्ण वेळ, पूर्ण मैदान धावताना पाहत होता, आणि दुसऱ्या दिवशी त्या मुली कामावर हजर होत्या. भीतीला याहून सरळ उत्तर कुठल्या लेखाने दिले नसते. शिवाय सगळ्यांना खेळू देणे आणि सर्वोत्तम कोण ते ठरवणे, ही दोन ध्येये एकमेकांची वैरी असायचे कारण नाही. ग्रॅड्सची पायरी-पायरीची रचना शाळेतल्या नवख्या मुलीपासूनच सुरू होत होती.

तिसरा आक्षेप आजच्या वाचकाचा असेल. या सगळ्याची सूत्रे एका पुरुषाच्या हाती होती. त्याने आखलेली शिस्त कडक होती. आधी सुसंस्कृत स्त्री आणि मग खेळाडू, ही त्याची अपेक्षा होती. लग्न झाले की बहुतेकींचा खेळ थांबत असे. शिवाय या खेळाडू प्रामुख्याने शहरी, गोऱ्या, इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या. मग याला मुक्तीची कथा कसे म्हणता येईल? मला वाटते, तसे सरसकट म्हणूच नये. मूलनिवासी मुलींना तेव्हाच्या निवासी शाळांमध्ये डांबून त्यांची भाषा हिरावली जात होती. राष्ट्रीय अजिंक्यपदातला ‘राष्ट्र’ हा शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हता. अमेरिकेच्या माँटाना राज्यातल्या फोर्ट शॉ इंडियन स्कूलच्या मूलनिवासी मुलींनी 1904 च्या सेंट लुइस जागतिक प्रदर्शनात सगळ्यांना हरवून दाखवले होते, तेव्हा कमतरता गुणांची होती असेही कुणी म्हणू शकणार नाही. मैदानाचे दार उघडे नव्हते. ही मर्यादा प्रस्तावनेतच स्पष्ट सांगितलेली बरी. पण याच आक्षेपाची दुसरी बाजूही आहे. क्लब काढायची इच्छा माजी विद्यार्थिनींची होती. कमाई त्यांची स्वतःची होती, वर्गणी त्यांनी जमवली होती आणि मैदानावर निर्णय त्यांनाच घ्यावे लागत. 1926 मध्ये कॅनडात महिलांचा स्वतंत्र हौशी क्रीडा महासंघ उभा राहिला. टोरांटोच्या अलेक्झांड्रिन गिब यांच्यासारख्या स्त्रियांचा आग्रह असा, की मुलींच्या खेळाचा कारभार बायकांनीच पाहावा. ज्या खेळाकडे कुणी पाहतच नाही, त्याचा कारभार कुणी करायचा यावर भांडण होत नाही. सार्वजनिक लढतींनी या खेळाला किंमत आणली, म्हणूनच त्याच्या हक्काचा प्रश्नही उभा राहिला.

या लढतींचे मोल खऱ्या अर्थाने कळते ते ऑलिंपिककडे पाहिल्यावर. 1924 च्या उन्हाळ्यात ग्रॅड्स पॅरिसला गेल्या. त्याच पॅरिसमध्ये भारताचा संघही होता आणि त्याचे व्यवस्थापक होते हॅरी बक. मद्रासला शारीरिक शिक्षणाचे वायएमसीए महाविद्यालय काढणारे हे बक स्प्रिंगफील्डलाच, नेस्मिथने जिथे खेळ रचला त्याच संस्थेत शिकलेले. एका व्यायामशाळेतून निघालेले धागे असे दूरवर पसरले होते. बास्केटबॉल मात्र पॅरिसला पदकाचा खेळ नव्हता, आणि बायकांचा तर नव्हताच. ग्रॅड्स प्रदर्शनी सामने खेळल्या, जिंकल्या, आणि अ‍ॅलिस मिलिया यांच्या आंतरराष्ट्रीय महिला क्रीडा महासंघाने त्यांना जगज्जेत्या म्हणून मान्यता दिली. 1924 ते 1936 दरम्यान ऑलिंपिकच्या निमित्ताने खेळलेले सगळे, म्हणजे 27 सामने त्यांनी जिंकले, असे त्यांच्या खात्यावर नोंदलेले आहे. पदक एकही नाही. 1936 मध्ये बर्लिनला पुरुषांचा बास्केटबॉल पहिल्यांदा पदकाचा खेळ झाला. पावसाने चिखल झालेल्या उघड्या मैदानावर अंतिम सामन्यात कॅनडाचे पुरुष अमेरिकेकडून 19–8 असे हरले आणि रौप्यपदक घेऊन आले. त्याच वर्षी युरोपात फिरून एकही सामना न हरलेल्या कॅनडाच्या मुली रिकाम्या गळ्याने परतल्या. जगाने ज्यांना मोजायचे नाकारले त्यांना मोजणारी एकच व्यवस्था उरली होती, ती त्यांच्या घरची: पूर्व विरुद्ध पश्चिम, दोन सामने आणि एक बेरीज. तिच्यात निकाल नोंदला जाई, वर्तमानपत्रात छापला जाई, पुढच्या वर्षीच्या आव्हानाची तारीख ठरे. पदक नसलेल्या खेळाडूंचा इतिहास आज लिहिता येतो, तो या नोंदींच्या आधारावर.

जनावरांच्या प्रदर्शनासाठी 1913 मध्ये बांधलेली एडमंटनची एक भव्य इमारत ग्रॅड्सचे मोठे सामने भरवण्याच्या कामी येई. गुरांच्या जागेत लाकडी जमीन टाकली जाई आणि मोठ्या सामन्यांना सहा हजारांहून अधिक माणसे जमत. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर ती इमारत हवाई दलाने ताब्यात घेतली. प्रतिस्पर्धी उरले नव्हते, प्रेक्षक आटले होते, आता मैदानही गेले. जून 1940 मध्ये क्लब विसर्जित झाला आणि अंडरवूड करंडक कायमचा त्याच्याकडे राहिला. पेज पुढे राजकारणात गेला आणि अल्बर्टाचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला. संघ संपला, पण राष्ट्रीय अजिंक्यपद थांबले नाही. 1940 च्या दशकात व्हँकुव्हरच्या हेडलंड्स संघाने ते गाजवले. एखादी रीत तिच्या सर्वांत मोठ्या नायिका निघून गेल्यावरही चालू राहते, तेव्हा ती त्या नायिकांपुरती नव्हती हे सिद्ध होते. बायकांचा बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये पदकाचा खेळ झाला तो 1976 मध्ये, आणि तोही कॅनडातच, माँट्रियलला. यजमानांच्या मुली तिथे पाचही सामने हरल्या आणि सहा संघांत सहाव्या आल्या. अनेकांना हा ग्रॅड्सच्या वारशाचा शेवट वाटतो. मला तो निकाल वेगळे काही शिकवतो. चाळीस वर्षांपूर्वी जगाला भारी पडलेला देश मागे पडला, कारण पायऱ्या रचण्याचे काम एका शाळेने केले होते आणि देशाने ते आपले मानले नव्हते. मुलींच्या अंगात ताकद कमी झाली नव्हती. शाळेच्या संघापासून वरपर्यंत जाणारा जिना मोडला होता.

म्हणून या विषयात शिरणाऱ्या वाचकाला माझी विनंती अशी, की 502 या आकड्यापाशी थांबू नये. त्याच्या आधीच्या 49–29 पर्यंत जावे आणि त्या बेरजेची फोड करून पाहावी. तिच्यातले आठ गुण पराभवातले आहेत. सवयीच्या नसलेल्या नियमांनी, पट्ट्यापट्ट्यांत अडकून, परक्या गावी मिळवलेले ते आठ गुण अजिंक्यपदाच्या हिशेबात तेवढ्याच मोलाचे धरले गेले. शॅमरॉक्सचे एकवीस गुणही त्याच मोलाचे. आज महिलांचा बास्केटबॉल जगभर पाच जणींनी, पूर्ण मैदानावर खेळला जातो आणि तो तसाच असतो असे आपण धरून चालतो. ते कधीतरी ठरवावे लागले, आणि ठरवताना दोन्ही बाजूंना आपापला खेळ मांडायची पूर्ण संधी मिळाली, हे त्या दोन सामन्यांचे मोठेपण. पूर्वेच्या मुलींनी पश्चिमेचा खेळ खेळून पाहिला, पश्चिमेच्या मुलींनी पूर्वेचा. दोघींनी एकेकदा हार पत्करली आणि मग बेरीज मान्य केली. कुणाच्या शरीराला काय झेपते याचा निर्णय इतरांनी बंद खोलीत घ्यायचा, या प्रथेला त्यांनी आपल्या पायांनी उत्तर दिले. ते समजून घेण्यासाठी या लढतींचा इतिहास वाचायचा आहे.